उरलेला एक टक्का

लबाड गिऱ्हाईक परवडलं. त्याला काय हवंय ते त्याला ठाऊक असतं, मलाही ठाऊक असतं, आणि मी "हे माझ्याकडे होणार नाही" म्हटलं की तो उठून दुसऱ्या सल्लागाराकडे जातो. माझं डोकं खाल्लं ते चांगल्या माणसांनी. ठाण्याच्या कोपरीत मी कर सल्लागार म्हणून बसते त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. दुकानदारांचे रिटर्न भरते, मंडळांचे हिशोब लिहून देते, नवरा-बायकोंना विमा म्हणजे गुंतवणूक नव्हे हे घसा फोडून सांगते. एवढ्या वर्षांत घाडीगावकर बंधूंइतकी चांगली माणसं मला भेटली नाहीत, आणि त्यांच्याइतका ताप मला कोणी दिला नाही.

त्यांची पिठाची गिरणी आणि मसाला कांडप माझ्या ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून. होळी झाली की पाऊस लागेपर्यंत तिथे बेडगी-संकेश्वरी मिरच्यांच्या पिशव्या घेतलेल्या बायकांची रांग असते आणि अख्खी गल्ली शिंकत असते. त्यांचे कागदही तसेच. थोरले दगडूदादा वर्षभराची बिलं मसाल्याच्या रिकाम्या पिशवीत भरून आणतात आणि ती पिशवी टेबलावर उपडी केली की माझे डोळे वाहायला लागतात. मी त्यांना चांगली जाड फाईल दिली होती. ती कुठे गेली म्हणून विचारलं तर म्हणाले, "आहे ना मॅडम घरात. खराब होईल म्हणून कपाटात ठेवून दिलीय." यावर माणसाने काय बोलावं?

दादा एकसष्टीचे. धाकटा भाऊ सुदेश त्यांच्याहून बराच लहान, चाळिशीतला. वडील गेले तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. दादांनी त्याला कणकवलीकडच्या गावातून कोपरीला आणलं, वाढवलं, त्याचं लग्न लावून दिलं. आता दादा गल्ल्यावर बसतात, सुदेश यंत्रावर उभा असतो आणि सुदेशची बायको समीक्षा मिरच्या आणि खडा मसाला भाजते. गल्ला रात्री वहिनींच्या, म्हणजे दादांच्या बायकोच्या हातात जातो आणि त्यातून सगळ्यांचं चालतं. कोणी कोणाला हिशोब विचारत नाही. दोन भावांचं असं जुळलेलं मी फार घरांत पाहिलेलं नाही, हे मान्य करते.

पण सगळं दादांच्या नावावर. दुकानाचा परवाना, विजेचं मीटर, बँकेचं खातं, रिटर्न. थोरला डोळ्यांसमोर असताना धाकट्याचं नाव कागदावर चढणं त्यांच्यात बसत नाही. सुदेश पहाटेपासून त्या कांडपयंत्रापुढे उभा राहतो, कान बधिर होईपर्यंत, पण सरकारच्या लेखी तो एक बेकार माणूस आहे. उत्पन्न शून्य.

हे मी आज सांगत नाही. आठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा दादांना म्हटलं, "दादा, सुदेशला गिरणीतून पगार दाखवा. त्याचं रिटर्न सुरू होईल. उद्या त्याला काही घ्यायचं झालं, कर्ज काढायचं झालं, तर हाताशी कागद असेल."

दादा एरवी माझ्याशी नीट ठाण्याचं मराठी बोलतात. रागावले की मालवणीत शिरतात.

"माझो सख्खो भाव माझो नोकर?" ते उभेच राहिले. "तेका मी पयल्या तारखेक पगार देवचो?"

"अहो, फक्त कागदावर."

"कागदावर तरी कित्याक?"

ठीक. पगार नको तर नको. पुढे दोन वर्षांनी मी भागीदारी सुचवली. दोघे मालक, कोणी कोणाचा नोकर नाही. मला वाटलं, याला आता कोण नाही म्हणणार? तर दादांचा चेहरा असा पडला, जणू मी घराच्या मधोमध भिंत घालायला सांगितली होती.

"म्हणजे वाटणी," ते म्हणाले.

"वाटणी कशी? वाटणी म्हणजे वेगळं होणं. भागीदारी म्हणजे एकत्र धंदा करणं. बरोबर उलट आहे हे."

"तुमच्या पुस्तकात उलट असात. आमच्यात कोणाचा किती ता एकदा लिवला, की संपला. गावात तोंड कसा दाखवू? घाडीगावकरांचा घर फुटला म्हणतले."

मी आशेने सुदेशकडे पाहिलं. शेवटी फायदा त्याचा होता. तो मान डोलावत होता. "दादा बोलतात ते बरोबर आहे मॅडम. आपल्यात नाही चालत तसं." त्या दिवशी दोघांच्याही एकेक कानाखाली वाजवावीशी वाटली होती. वाजवली नाही, कारण दादांनी जाताना माझ्या टेबलावर किलोभर मालवणी मसाला ठेवला आणि फीपेक्षा शंभर रुपये जास्त दिले. म्हणून म्हणते, चांगली माणसं वाईट.

त्यानंतर दर वर्षी जुलैत मी हेच रडगाणं गायचं आणि त्यांनी हसून सोडून द्यायचं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीही कंटाळले.

मग या जानेवारीत दादा पेढे घेऊन आले. डोंबिवली पूर्वेला फ्लॅट बुक केला होता, सुदेशसाठी. कोपरीतल्या दोन खोल्यांत सहा माणसं. सुदेशची मोठी मुलगी संचिता दहावीत जाणार होती, आणि दुपारी गिरणी बंद असते तेवढ्या वेळात ती पिठाच्या पोत्यांवर वही ठेवून अभ्यास करायची. "पोरीला टेबल पाहिजे," दादा म्हणाले. "आणि समीक्षाला स्वतःचं स्वयंपाकघर." टोकन त्यांनी स्वतःच्या खात्यातून दिलं होतं. भावावर इतकी माया करणारा माणूस, आणि मी त्याच्यावर चिडायचं तरी कसं?

पेढा तोंडात असतानाच मी विचारलं, "कर्ज कोणाच्या नावावर काढणार?"

"सुदेशच्या. घर त्याचं तर कर्ज त्याचंच."

"आणि बँकेला उत्पन्न काय दाखवणार?"

दादा हसले. "आता तुम्हालाच माहीत नाही काय मॅडम? गिरणी नाही का आमची?"

पेढा माझ्या घशात अडकला. गिरणी 'आमची' नव्हती, एकट्या दादांची होती, आणि हे मी त्यांना आठ वर्षं ओरडून सांगत होते. दादांच्या नावावर कर्ज काढावं तर त्यांच्या वयाला बँक मोजकीच वर्षं देणार, आणि तेवढ्यात फेडायचं तर हप्ता एवढा मोठा की गिरणी विकावी लागली असती. मी तेव्हाच सांगितलं की कठीण आहे. त्यांनी ऐकलं आणि "बघू, देव आहे" म्हणून निघून गेले. तहान लागल्यावर विहीर खणतात असं म्हणतात. हे लोक विहीर खणायलाही तयार नव्हते, नुसतं आभाळाकडे बघत होते.

मध्यंतरी समीक्षा एकदा एकटी येऊन गेली. कसलीशी पावती द्यायला आली होती, पण पिशवीतून बिल्डरचं छापील पत्रक काढून तिने माझ्यापुढे पसरलं. फ्लॅटच्या नकाशात, खिडकीशी, तिने पेनाने एक छोटा चौकोन काढला होता. "इथे संचिताचं टेबल," ती म्हणाली. मग जरा थांबून, "होईल ना मॅडम?" मी "बघू" म्हणाले. मलाही दादांची लागण झाली असावी.

मे महिन्यात बँकेने नाही म्हणून कळवलं. अर्जदाराचं उत्पन्न नाही. बिल्डरने महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. नाही जमलं तर थोडे कापून टोकन परत आणि फ्लॅट दुसऱ्याला. मग भर हंगामात, गिरणीला कुलूप लावून, तिघे माझ्याकडे आले. दादा आणि सुदेश खुर्च्यांवर बसले. समीक्षा दाराशी उभी राहिली, मी स्टुलाकडे बोट दाखवलं तरी बसली नाही. भट्टीवरून तशीच उठून आली होती. डोळे लाल होते. मिरचीने की आणखी कशाने, ते विचारायची सोय नव्हती.

दादा रात्रभर विचार करून आलेले दिसत होते. "मॅडम, एक काम करा," ते म्हणाले. "माझा नाव काढून टाका. परवानो, मीटर, खाता, सगळा सुदेशच्या नावार करा. म्हणजे वाटणी पण नाय, पगार पण नाय. झाला?"

अर्धा वाटा लिहायला जो माणूस इतकी वर्षं तयार नव्हता तो आज अख्खी गिरणी द्यायला निघाला होता. त्यांना हात जोडावेत की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना. पण मी तोंड उघडायच्या आत सुदेश उठून उभा राहिला.

"दादा, काय बोलताय तुम्ही? मग तुम्ही गल्ल्यावर बसणार ते माझे नोकर म्हणून? लोक काय थुंकतील माझ्या तोंडावर!"

"मी सांगतंय ना, मीच देतंय!"

"मला नको! गिरणी तुमची आहे. तुम्ही उभी केलीत."

"अरे, तू राबलस त्याच्यात!"

"राबलो म्हणून काय झालं? तुम्ही होता म्हणून राबलो!"

एक जण ढकलतोय, दुसरा परत ढकलतोय. इस्टेटीवरून भावाभावांत मारामाऱ्या होताना मी पाहिल्या आहेत. माझ्या ऑफिसात खुर्ची फुटलेली आहे. पण घे, नको, घे, नको, असं तावातावाने भांडणारे हेच पहिले. बाहेरून दोघं जण डोकावून गेले. मी स्टेपलर उचलून टेबलावर आपटला.

"गप्प बसा दोघे! कोणाला काय द्यायचं ते आज देऊन काही उपयोग नाही. बँकेला मागच्या वर्षांचे रिटर्न लागतात, कळतंय? मागच्या! आज अख्खी कोपरी सुदेशच्या नावावर केलीत तरी या महिन्यात त्याला दमडी मिळणार नाही. आठ वर्षं मी काय भिंतीशी बोलत होते? डोंबिवलीचं घर गेलं. गेलं ते. आता तरी ऐका."

बोलून झाल्यावर माझं दाराकडे लक्ष गेलं आणि जीभ चावली. बाईसमोर इतकं तोडून बोलायला नको होतं. समीक्षाने पदराने चेहरा पुसला. रडली नाही.

"मॅडम, एक विचारू?" ती म्हणाली. "भावोजी यांचे नोकर नाहीत. हे भावोजींचे नोकर नाहीत. मग मी गिरणीत कोण आहे?"

दोघे भाऊ तिच्याकडे वळून बघायला लागले.

"म्हणजे काय?" दादा म्हणाले. "तू घरची लक्ष्मी."

"लक्ष्मीला बँक कर्ज देते का मॅडम?"

मी नाही म्हणाले.

"मग मला नोकर म्हणा," समीक्षा म्हणाली. "मला राग नाही येणार. तुम्हा दोघांना लाज वाटते ना त्या शब्दाची? मला नाही वाटत. मला पगाराचा कागद द्या. मिरची भाजणारी बाई म्हणून द्या. चालेल मला."

मी टेबलावर पडलेल्या त्यांच्याच बिलांच्या ढिगाकडे पाहत बसले, कारण मला कोणाकडेच बघवेना. त्या ढिगात गिरणीच्या स्वतःच्या मसाल्याच्या पॅकेटांची विक्री होती. गेल्या पाच-सहा वर्षांत गिरणीचा निम्मा नफा त्या पॅकेटांतून येत होता, आणि तो मीच दर वर्षी जुलैत टाईप करत होते. ती पॅकेटं समीक्षाने सुरू केली, मिरचीचं प्रमाण तिचं, भाजणं तिचं, हे गल्लीतल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं. दादांना दुसरं माणूस दिसत नाही म्हणून मी त्यांच्याशी भांडत होते, आणि मला स्वतःला तिसरं दिसलं नव्हतं. लाज वाटली मला. आणि मला लाज वाटली की आणखीच राग येतो.

"दादा," मी म्हटलं, "काय करायचं ते बोला."

दादांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "घर खरंच गेलं?"

"हे गेलं. पण आजपासून कागद केलात, तिघांची रिटर्नं सुरू झाली, तर दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या घरासाठी बँकेच्या दारात उभं राहता येईल."

"संचिताची दहावी होऊन जाईल तोवर," समीक्षा म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही, हिशोब सांगावा तशी. "तिच्या धाकट्या भावाच्या दहावीला तरी घर मिळेल. आजच करा मॅडम. पुढच्या जुलैवर नको."

दादांनी चष्मा चढवला. "भागीदारी करा. तिघांची." मग पुढे वाकून, आवाज खाली आणून, "गावाक कळूचा नाय ना?"

"दादा, भागीदारीचा कागद देवळात वाचून दाखवत नाहीत."

मी कॉम्प्युटरवर मसुदा उघडला, न जाणो त्यांचा विचार फिरला तर. धंद्याचं नाव, पत्ता, तिघांची नावं. मग वाटे.

"किती-किती लिहू?"

"सारखे," दोघे भाऊ एका सुरात म्हणाले. मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडून मिळालेलं पहिलं सरळ उत्तर.

"शंभराचे तीन सारखे भाग पडत नाहीत. तेहतीस, तेहतीस आणि तेहतीस केले की एक टक्का उरतो. तो एकाला द्यावा लागेल. कोणाला देऊ?"

विचारायला नको होतं.

"सुदेशाक," दादा म्हणाले.

"दादांना," सुदेश म्हणाला.

"तेची पोरा शिकतत अजून. तेका द्या."

"मॅडम, दादा मोठे आहेत. मोठ्याचा एक जास्त पाहिजे. मी तेहतीसच्या वर घेणार नाही."

"मग मी बत्तीस घेतंय!"

"मग मी एकतीस!"

मी डोकं धरलं. दादांचा फोन वाजत होता. कोणीतरी बाई विचारत होती, कांडप कधी उघडणार, दहा किलो मिरची घेऊन उन्हात उभी आहे. दादा एका हाताने फोन धरून "येतंय, येतंय" म्हणत होते आणि दुसऱ्या हाताने सुदेशला गप्प करत होते. एका टक्क्यावरून हे पुन्हा आठ वर्षं काढणार, याची मला खात्री झाली. आडनावाच्या अक्षरक्रमाने द्यावा तर आडनावही एकच.

तेवढ्यात समीक्षा दारातून आत आली आणि इतका वेळ रिकाम्या पडलेल्या स्टुलावर बसली.

"मला द्या तो," ती म्हणाली.

सुदेश बोलता बोलता थांबला. दादांनी फोन बंद केला.

"उरलेला एक टक्का मला द्या. मला हवाय."

या घरातल्या माणसांना मी इतकी वर्षं ओळखते. 'मला नको' हे सगळ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. 'मला हवाय' पहिल्यांदा ऐकलं. सुदेश दादांकडे बघत होता. आता दादा काय म्हणतात याच्यावर त्याचं मत ठरणार होतं.

"एक टक्को म्हणजे वर्षाचे किती, मॅडम?" दादांनी विचारलं.

"फार नाही. सात-आठ हजार."

"एवढेच?" दादांचा चेहरा उजळला. मन मोठं करायची संधी त्यांना सापडली होती. "मग एक कशाला? दोन देऊ. पाच देऊ की तिला!"

"देऊ नका, भावोजी," समीक्षा म्हणाली. "लिहा."

दादांनी माझ्याकडे पाहून हळूच होकाराची मान हलवली.

"पॅन कार्ड आहे तुझं?" मी समीक्षाला विचारलं.

"आहे. पण माहेरच्या नावाचं आहे. बदलायचं राहूनच गेलं."

एरवी अशा वेळी मी कपाळावर हात मारते. लग्नाला सतरा वर्षं झाली आणि पॅन माहेरच्या नावाचं! बदलाचा अर्ज करायचा, वाट बघायची, म्हणजे परत महिना गेला. मी हात वर नेलाही होता.

"राहू दे," मी म्हटलं. "पॅनवर आहे तेच लिहू. सांग."

"समीक्षा जगन परब."

मी टाईप करू लागले. बरोबर लिहितेय की नाही हे बघायला ती उठून टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली. गिऱ्हाईक टेबलाच्या या बाजूला आलेलं मला मुळीच खपत नाही. मी खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली. तिच्या साडीला मिरचीचा खकाणा होता, मला दोन शिंका आल्या, आणि तिसरी थोपवून मी तिच्या नावापुढे चौतीस लिहिलं.